चाकं वेगळी घ्यावी लागतात

स्केटबोर्ड घ्यायला गेलेल्या माणसाला वाटतं, आपण स्केटबोर्ड घ्यायला आलोय. दुकानदाराला मात्र खरी गोष्ट ठाऊक असते. रस्त्यावरच्या स्केटिंगसाठी, म्हणजे ज्याला ही मंडळी नुसतं 'स्ट्रीट' म्हणतात त्यासाठी, मिळते ती फक्त फळी. तिचं नाव डेक. चाकं वेगळी. चाकं ज्यावर बसतात ते ट्रक वेगळे. चाकांतली बेअरिंगं वेगळी, नटबोल्ट वेगळे आणि फळीवर चिकटवायचा काळा खरखरीत कागद, म्हणजे ग्रिप टेप, तोही वेगळाच. मुरलेल्या स्केटरला यात काही गैर वाटत नाही, कारण त्याचे ट्रक आणि चाकं वर्षानुवर्षं टिकतात. मोडते ती फळी. त्यामुळे तो दर काही महिन्यांनी नवी फळी आणतो आणि दर काही महिन्यांनी त्याच्या घरी तोच प्रवेश होतो.

चार-साडेचार हजारांची ती वस्तू कागदातून बाहेर निघते. घरातला प्रत्येक जण ती हातात घेतो, उलटी करतो, सुलटी करतो आणि विचारतो, "चाकं कुठायत?" आमच्या आईचा प्रश्न वेगळा असतो. तिने आयुष्यभर पाटावर बसून चकल्या पाडलेल्या असल्याने ती या विषयातली तज्ज्ञ आहे. "अरे, हा पाट दोन्हीकडनं वाकलाय. ओलं लाकूड वापरलंय मेल्यांनी. बिल आहे ना? बदलून आण." फळीची दोन्ही टोकं मुद्दाम वर उचललेली असतात, पुढच्या टोकाला नोज म्हणतात, मागच्याला टेल, आणि त्यांच्याशिवाय हा सगळा खेळच होत नाही, हे तिला समजावण्याचा नाद मी सोडला आहे. तिच्या लेखी मी पस्तिशी ओलांडलेला असा मुलगा आहे, ज्याला दुकानदार दरवेळी वाकडा पाट देतो आणि जो दरवेळी निमूटपणे घेऊन येतो.

आमच्या सोसायटीत कपाटाचं काम करायला आलेल्या मिस्त्रींनी एकदा ही फळी अधिक शास्त्रीय पद्धतीने तपासली. कडेवरून नख फिरवत त्यांनी थर मोजले. सात भरले. मग म्हणाले, "प्लायवूडच आहे की."

आहेच. फरक एवढाच की हे प्लायवूड मेपलचं असतं. कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवर जी प्रचंड सरोवरं आहेत, त्यांच्या आसपासच्या थंडीत हे झाड वाढतं. थंडीमुळे सावकाश वाढतं आणि सावकाश वाढल्यामुळे टणक होतं. त्याचे सात पातळ पापुद्रे घेतात, पाच उभ्या रेषांचे आणि दोन आडव्या रेषांचे, म्हणजे फळी उभी चिरत नाही. मध्ये गोंद लावून साच्यात दाबतात, मग आठ भोकं पाडतात. हे सगळं मी मिस्त्रींना उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मरीन आहे का?"

"मरीन नाही."

"मग पावसाळ्यात फुगणार." आणि ते पुन्हा बिजागरी बसवायला लागले.

फळी निवडणं हा स्वतंत्र संस्कार आहे. लांबी साधारण बत्तीस इंच, तिच्याबद्दल कुणी भांडत नाही. भांडण रुंदीवरून. आठ इंची, सव्वाआठ इंची, साडेआठ इंची, आणि मधल्यामध्ये आठ पूर्णांक एक अष्टमांश. ज्यांनी कधी सुताराच्या किंवा फिटरच्या हाताखाली दोन दिवस काढलेत त्यांना हे लगेच कळेल: एक अष्टमांश इंच म्हणजे एक सूत. आठ इंच एक सूत आणि आठ इंच दोन सूत यांच्यात कोणती बरी, यावर दुकानातली पोरं अख्खी दुपार घालवतात. अरुंद फळी हवेत लवकर फिरते, रुंद फळीवर परत पाय टेकवायला जागा जास्त मिळते. दोन्ही पक्षांचं म्हणणं खरं असल्यामुळे वाद मिटायचं काही कारण राहत नाही. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. एका सुतावरून मैत्री तोडायला निघालेली फक्त इथे पाहिली.

रुंदी ठरली की 'कॉन्केव्ह' बघायचा. फळी आडव्या अंगाने किंचित खोलगट असते, दोन्ही कडा उचललेल्या, म्हणजे पायाला कड कुठे आहे ते न बघता कळतं. हा खोलगटपणा तपासण्यासाठी जाणकार गिऱ्हाईक एक डोळा मिटून फळीच्या टोकाकडून बघतो. मग ती काउंटरवर ठेवून डगमगते का बघतो. मग जमिनीवर ठेवून तिच्यावर नुसता उभा राहतो, चाकांशिवाय, डोळे मिटून. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जी समाधी दिसते ती आळंदीला दिसायची अपेक्षा असते. बाजूला क्रिकेटची बॅट बघायला आलेले गृहस्थ हळूच आपल्या मुलाला दुसऱ्या बाजूला घेतात.

सगळ्यात शेवटी खालचं चित्र. फळीच्या पोटावर रंगीत चित्र असतं, आणि ते बघून फळी घ्यायची नसते असं प्रत्येक जण सांगतो, आणि घेतो चित्र बघूनच. नामवंत स्केटरच्या नावाने निघालेल्या फळ्यांना जे जास्तीचे पैसे पडतात त्यातला काही भाग त्या स्केटरला जातो, उरलेला आपल्या अंगात येतो. गंमत अशी की हे चित्र पहिल्याच आठवड्यात दगडावर घासून घालवायचं असतं. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक दोन दिवाळ्या न काढणाऱ्या, टीव्हीच्या रिमोटला पिशवी घालणाऱ्या समाजात हे पाप कुठल्या सदरात बसतं ते ठरलेलं नाही. चित्र शाबूत असलेली फळी घेऊन फिरणं ही या मंडळींत नामुष्की. वाघ असो, कवटी असो, तो अर्धा पुसला गेला पाहिजे, तरच माणूस खेळणारा.

मग जोडणी. ग्रिप टेप म्हणजे पॉलिश पेपरचा श्रीमंत चुलता. सिलिकॉन कार्बाइडचे कण लावलेला आणि मागून चिकट. तो फळीवर बसवताना मधोमध हवेचा एक फुगा राहतो. तो कडेला ढकलला की दुसरीकडे निघतो. मग कडेवरून स्क्रू ड्रायव्हरची दांडी घासायची, काळ्यावर पांढरी रेघ उमटते, त्या रेघेवरून ब्लेड फिरवायचं आणि खालून टोचून आठ भोकं मोकळी करायची. उरलेल्या काळ्या पट्ट्या आईने न्हाणीघराच्या पायरीला लावल्या. पाय घसरायचा थांबला. या खेळावर आजवर झालेल्या खर्चापैकी तेवढाच सत्कारणी लागला, असं आमच्या घरी मानलं जातं.

बेअरिंगसाठी मात्र बाजारपेठेत जावं लागतं आणि तिथे मन रमतं. जगातल्या जवळपास सगळ्या स्केटबोर्डांत एकाच मापाचं बेअरिंग असतं: ६०८. आतून ८ मिलिमीटर, बाहेरून २२, जाडी ७. छोट्या मोटरींतही हेच चालतं. काउंटरवरच्या शेठनी न बघता हात घालून डबी काढली आणि चष्म्यावरून विचारलं, "कुठल्या मशीनला?"

"मशीन नाही. मीच आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग रबर सीलवालं घ्या. धूळ जाणार नाही आत." अंगकाठीवरून बेअरिंग सुचवणारा दुकानदार पुण्याखेरीज दुसऱ्या कुठल्या शहरात सापडेल असं वाटत नाही.

पान्यांचीही हीच तऱ्हा. हा खेळ अमेरिकेतून इंचांत आला आणि आपल्या टूलबॉक्समध्ये सगळे पाने मिलिमीटरचे. चाकाचा नट चार सूत, बोल्टांचे नट तीन सूत, हे कसंबसं भागतं. पण ट्रकच्या मधोमध जो किंगपिन असतो, ज्याच्या घट्ट-सैलपणावर फळी किती वळणार ते ठरतं, त्याचा नट नऊ सोळांश इंचाचा. म्हणजे साडेचार सूत. चौदाचा पाना त्यावर चढत नाही, पंधराचा फिरून नट गोल करतो. जुन्या गॅरेजमधल्या एखाद्या वयस्क मेकॅनिककडे असा पाना असतो. तो कागदात गुंडाळून ठेवलेला असतो आणि उसना देताना ते काका पान्याकडे नव्हे, घेणाऱ्याच्या चपलांकडे बघतात. घेऊन पळणार की नाही, हे त्यांना त्यावरून कळत असावं.

इथवर आपण फळी तपासत असतो. फळी खाली रस्त्यावर टेकली की गोष्ट उलटते. आता फळी शहर तपासायला लागते.

चारचाकीत बसलेल्याला रस्ता 'बरा' किंवा 'वाईट' एवढाच कळतो. दुचाकीवाल्याला खड्डे कळतात. पायी चालणाऱ्याला रस्ता कळतच नाही, कारण त्याचं सगळं लक्ष मागून येणाऱ्या दुचाकीकडे असतं. खरा रस्ता कळतो तो ५२ मिलिमीटरच्या टणक चाकावर उभ्या असलेल्या माणसाला. ही चाकं पॉलियुरेथिनची. पूर्वी ती मातीच्या मिश्रणाची असत आणि चणे खाल्ल्यागत झिजत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथिनची चाकं आणली आणि हा खेळ पुन्हा उभा राहिला. स्ट्रीटवाल्यांना ती मुद्दाम कडक लागतात. कडक चाकाला स्प्रिंग नाही, शॉकअॅब्झॉर्बर नाही, पक्षपात नाही. ठेकेदाराने जे केलंय ते जसंच्या तसं टाचेतून दातांपर्यंत पोहोचतं.

शहाबादी फरशीवर दर दोन फुटांनी 'टक' असा आवाज येतो आणि सिमेंट कुठे भरलंय, कुठे नुसतं दाखवलंय, ते ऐकू येतं. पॉलिश केलेला कोटा उत्तम, पण त्यावर कुणी तरी नुकतंच पोछा मारलेलं असतं. काँक्रीटच्या रस्त्यावर पृष्ठभाग खरखरीत राहावा म्हणून आडव्या रेघा ओढतात. त्यावरून पाच मिनिटं गेल्यावर पायाची बोटं आपलीच आहेत का हे खाली बघून ठरवावं लागतं. जुन्या वाड्यातला कोबा अजूनही मखमल आहे, पण तिथे वाळवणं आणि आजी दोन्ही असतात. आणि मग आपला राष्ट्रीय पृष्ठभाग: पेव्हर ब्लॉक. वाकडेतिकडे, एकमेकांत अडकवलेले, लाल आणि राखाडी. त्यांचा फायदा असा सांगतात की ते काढून पुन्हा बसवता येतात. ते सतत काढून पुन्हा बसवले जातात, एवढं मी फळीच्या साक्षीने सांगू शकतो. प्रत्येक वेळी मधला एक उलटा बसवतात.

चेंबरची झाकणं हा वेगळा अभ्यास. रस्त्याच्या पातळीला असलेलं झाकण मी पाहिलेलं नाही. रस्ता नवा झाला की झाकण खड्ड्यात जातं, मग झाकण उचलतात तेव्हा ते टेकडीवर जातं. गणपती उठले की मांडवाच्या खांबांची भोकं राहतात, नवरात्र येतं, आणखी भोकं पडतात. दसऱ्याला आई इतर हत्यारांबरोबर माझ्या फळीचीही पूजा करते, ट्रकला झेंडूची माळ घालते आणि मी सीमोल्लंघनाला म्हणून निघतो तो कोपऱ्यावरच्या भोकापर्यंत जाऊन परत येतो.

पण या सगळ्यांहून मोठा शत्रू म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढी खडी. तिचं काम बघण्यासारखं असतं. डांबरातून सुटून ती रस्त्याच्या कडेला निवांत पडलेली असते. चाक येतं. मऊ चाक असतं तर चढून गेलं असतं. हे कडक आणि बुटकं, ते तिच्यावर चढत नाही, तिला पुढे ढकलतही नाही, तिच्यापाशी येऊन जागच्या जागी थांबतं. फळी थांबते. वर उभ्या असलेल्या गृहस्थाला मात्र थांबायचं कुणी कळवलेलं नसतं. न्यूटनचा पहिला नियम आम्हाला आठवीत शिकवला होता. पण तो नियम आहे, सूचना नव्हे, हे खडीने शिकवलं. म्हणून अनुभवी स्केटर आधी फेरी मारतो, पायाने खडी बाजूला सारतो, कधी घरून झाडू आणतो. रविवारी पहाटे सार्वजनिक रस्ता स्वखुशीने झाडणारा माणूस बघून सकाळी फिरायला निघालेले काका थबकतात. "कुठल्या पक्षाचं अभियान?" असं मला विचारलं गेलेलं आहे.

पुण्यात रस्त्याचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याला नमस्कार करावा लागतो. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन तो केला आणि पुढे कित्येक दशकं त्याला खड्डा पडला नाही. त्या कंपनीला नंतर इथे दुसरं काम मिळालं नाही, असं पुणेकर सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज अभिमानाने भरून येतो. कंपनीबद्दल की काम न देणाऱ्यांबद्दल, ते कळत नाही. अलीकडे याच रस्त्याचे पदपथ रुंद केले, बसायला बाकं आणि कट्टे केले. सूर्य उगवायच्या आत तिथे फळी टाकली की चाकांचा आवाज एका सुरात लागतो. मग सहा वाजता पहिला हास्यक्लब येतो आणि सूर बदलतो.

कट्ट्यावरून मात्र खरी वर्गवारी कळते. साध्या माणसाला कट्टा दिसला की तो बसतो. पुणेकराला कट्टा दिसला की तो बसून मत देतो. स्केटरला कट्टा दिसला की तो वाकून त्याची कड चाचपतो. गुडघ्याच्या खाली उंची, कडेला ग्रॅनाइट किंवा कडप्पा, समोर धाव घ्यायला जागा, एवढं जुळलं की त्याचे डोळे भरून येतात. याच्यावर उडी मारून फळीचं पोट किंवा ट्रकची दांडी घासत न्यायची, याला अनुक्रमे स्लाइड आणि ग्राइंड म्हणतात. कड गुळगुळीत व्हावी म्हणून तिला मेणबत्ती घासतात. वाण्याकडे वरचेवर मेणबत्त्या घ्यायला गेलं की तो सहानुभूतीने विचारतो, "तुमच्याकडे फारच लाइट जाते का हो?"

आणि इथे या शास्त्राचा मूलभूत नियम लागू होतो: जिथे ग्रॅनाइट आहे तिथे वॉचमन आहे, जिथे वॉचमन नाही तिथे ग्रॅनाइट नाही. बँका, मॉल, कॉर्पोरेट इमारती, सगळीकडे पायऱ्या आरशासारख्या आणि वर एक काका खुर्ची टाकून बसलेले. त्यांचं आपलं संभाषण ठरलेलं.

"ओ, इथं नाय चालायचं ते."

"काका, पाचच मिनिटं."

"सायबांनी बगितलं तर माझी नोकरी जाईल."

"रविवार आहे. साहेब कुठून येतील?"

"क्यामेऱ्यात बगत्यात." मग फळीकडे बघून, आवाज खाली आणून: "केवढ्याला पडली?"

आकडा सांगितला की काका पुन्हा खुर्चीत बसतात. रागावण्याची जागा आता काळजीने घेतलेली असते. "आनि चाकं?"

"वेगळी."

इथून पुढे ते आपल्याला हाकलत नाहीत. आपल्या आईवडिलांबद्दल चौकशी करतात. त्याला कंटाळून आपणच निघतो.

बघणाऱ्यांचे आणखी प्रकार आहेत. लहान मुलं "दादा, एकदा दे ना" म्हणतात आणि आपल्याला जे जमायला दोन वर्षं लागली ते बघून बघून करायला लागतात. भटकी कुत्री दुचाकीला आणि स्केटबोर्डला एकाच पोटतिडकीने धरतात. टू-व्हीलरवरचं जोडपं सिग्नलला थांबतं; तो म्हणतो, "सोपं असतं ते." सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं: माणूस जोवर नीट खेळतोय तोवर बघायचं नाही. पडला की चारी बाजूंनी लोक धावतात, पाणी देतात, आणि त्यातला एक जण पाण्याची बाटली परत घेता घेता म्हणतो, "वय काय तुमचं?"

वयाचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली झालेल्या २०२० च्या ऑलिम्पिकमध्ये, स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं. मुलींच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशियाला सुवर्ण, ब्राझीलच्या रायसा लेआलला रौप्य, जपानच्याच फुना नाकायामाला कांस्य. वयं अनुक्रमे १३, १३ आणि १६. तिघींची बेरीज ४२. फुल तिकीट लागू झाल्याला एखादंच वर्ष झालेल्या मुली सुवर्णपदक नेतात, त्या खेळात माझ्या वयाच्या माणसाने काय करायचं? त्याने नवी फळी घ्यायची. नव्या फळीला 'पॉप' असतो.

पॉप म्हणजे टेल जमिनीवर आपटल्यावर फळीने दिलेलं उत्तर. मागच्या पायाने टेल खाली मारायचं, फळी उभी होते, पुढच्या पायाची कड ग्रिपवरून वर घासत न्यायची, फळी पायाला चिकटल्यागत वर येते आणि हवेत आडवी होते. हात न लावता मारलेल्या या उडीला ऑली म्हणतात. फ्लोरिडातल्या अॅलन गेल्फंड नावाच्या मुलाचं टोपणनाव ऑली. त्याने १९७८च्या सुमारास उतरत्या भिंतींवर ती काढली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मुलनने ती सपाट जमिनीवर आणली आणि त्या क्षणापासून जगातली प्रत्येक पायरी, प्रत्येक कठडा आणि प्रत्येक वॉचमन धोक्यात आला. नव्या फळीचं टेल आपटलं की कोरडा, स्वच्छ आवाज येतो. जुनी फळी 'भद्' करते. आवाजाखेरीज काही फरक पडतो का? उडी तेवढीच असते. पण तेवढीच उडी चांगल्या आवाजात मारणं हे पस्तिशीनंतरचं सुख आहे. किंमत बुटाच्या करंगळीकडच्या बाजूने वसूल होते. नव्या ग्रिपला नवे बूट आवडतात, विशेषतः त्यांचं कातडं.

या खेळाला हाकलण्याची परंपरा जागतिक आहे. नॉर्वेने १९७८ पासून १९८९ पर्यंत स्केटबोर्डवर चक्क बंदी घातली होती. तिथली पोरं रानात लपवलेल्या रॅम्पवर खेळत. कॅलिफोर्नियात १९७६-७७ च्या दुष्काळात बंगल्यांचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले तेव्हा पोरांनी कुंपणावरून उड्या टाकून त्यांत स्केटिंग सुरू केलं आणि खेळाला नवं वळण मिळालं. आपल्याकडेही पाणीकपात होते. पण सोसायटीचा तलाव रिकामा दिसला की कमिटी तिथे आधी बंद पडलेल्या सायकली नेऊन ठेवते. दुष्काळातून कला निर्माण होण्याची संधी तिथेच जाते.

पावसाळ्याबद्दल मिस्त्रींचं म्हणणं अक्षरशः खरं ठरतं. जून ते सप्टेंबर मेपलच्या सात थरांना कॅनडाची आठवण येते. पाणी लागलं की कडा फुगतात, थर सुटायला लागतात, बोल्टांभोवती भेगा जातात आणि शेठच्या रबर सीलमधूनही ६०८ गंजून करकर वाजतं. कोरड्या दिवसांत टेल झिजून इतकं धारदार होतं की त्याला रेझर टेल म्हणतात. थोडक्यात, उन्हाळ्यात फळी झिजते, पावसाळ्यात कुजते आणि हिवाळ्यात, ती अजून शाबूत असेलच, तर एखाद्या पायरीखाली मधोमध मोडते. मोडल्यावर दुःख होतं. ते साधारण दुकानात पोहोचेपर्यंत टिकतं.

आणि तरी हा खेळ इथे रुजतोय. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये अहमदाबादला स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकारात मुलींचं सुवर्ण पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने जिंकलं. तिचे वडील सुरक्षारक्षक. देशभरातल्या वॉचमनकाकांनी आम्हा लोकांना जिन्याजिन्यांवरून हाकललं आणि सुवर्णपदक मात्र आपल्याच खात्यात नेलं, याला म्हणतात दूरदृष्टी. तेव्हापासून मी काकांशी हुज्जत घालत नाही. समोरच्या खुर्चीतल्या माणसाच्या घरी कोण आहे, सांगता येत नाही.

दूरदृष्टीचं दुसरं उदाहरण फिलाडेल्फियातलं. तिथल्या लव्ह पार्कच्या ग्रॅनाइटवर जगभरचे स्केटर जात. शहराने बंदी घातली. ज्यांच्या कल्पनेतून तो चौक उभा राहिला ते नगररचनाकार एडमंड बेकन तेव्हा हयात होते. २००२ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, डोक्याला हेल्मेट आणि दोन्ही बाजूंना धरायला माणसं, असे ते बंदीच्या निषेधार्थ स्वतः स्केटबोर्डवर उभे राहिले आणि आपण आखलेल्या फरशीवरून सरकत गेले. अमेरिकन लोकांना यात बंडखोरी दिसली. मला दिसला तो जबाबदारी घेणारा अधिकारी. आपण केलेल्या फरशीवर, तिच्यात एक जरी ब्लॉक उलटा बसवलेला असता, तर म्हातारा असा उभा राहिला असता का?

तेव्हा माझी पालिकेला नम्र सूचना आहे. रस्ते आणि पदपथ तपासण्यासाठी महागडी यंत्रं, त्रयस्थ संस्था, त्यांचे अहवाल, अहवालांवर समित्या, हे सगळं बंद करावं. निविदेत एक कलम घालावं: काम पूर्ण झाल्यावर ठेकेदार, कनिष्ठ अभियंता आणि स्थानिक माननीय यांनी सव्वाआठ इंची फळीवर उभं राहून नव्या पदपथाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आहे. कुणी धरायचं नाही. खडी आधी झाडायची नाही. तिघं उभ्याने पोहोचले तर बिल मंजूर. फळी पालिकेने पुरवावी, चाकं आणि हेल्मेट ठेकेदाराने स्वखर्चाने आणावीत.